घरात 'इमर्जन्सी बॅग' भरून ठेवावी का? महाराष्ट्रातले पूर, वादळं आणि भूकंप काय सांगतात

जुलै उजाडला की कोल्हापूर-सांगलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक आकडा फिरायला लागतो. राजाराम बंधारा, पाणी पातळी अमुक फूट अमुक इंच. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट. हे आकडे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात.

तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये हजारो लोक घरातच अडकले. पाणी वाढतंय हे माहीत होतं. पण २००५ ला पाणी जिथपर्यंत आलं होतं, त्याच्या वर येणार नाही असा अनेकांचा अंदाज होता. तो चुकला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर. निघायचं ठरलं तेव्हा कागदपत्रं कुठे, औषधं कुठे, म्हाताऱ्या माणसांना कसं न्यायचं, जनावरांचं काय, हे सगळं एकाच वेळी समोर आलं.

अशा वेळेसाठी आधीच एक पिशवी भरून ठेवायची, असा सल्ला सोशल मीडियावर सारखा दिसतो. त्याचा खरंच उपयोग होतो का?

ही बॅग म्हणजे नेमकं काय?

घर तातडीने सोडावं लागलं तर एका हाताने उचलून निघता येईल अशी, पहिले दोन-तीन दिवस भागवणारी पिशवी. जपानमध्ये ही गोष्ट घरोघरी माहीत आहे. १ सप्टेंबर १९२३ च्या मोठ्या भूकंपाची आठवण म्हणून तिथे १ सप्टेंबरला आपत्ती प्रतिबंध दिन पाळतात आणि अनेक घरांत त्या निमित्ताने बॅग तपासली जाते.

मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने नागरिकांना ७२ तास पुरेल इतकी तयारी ठेवायला सांगितलं आणि हा विषय जगभर व्हायरल झाला. मे २०२५ मध्ये भारतात 'ऑपरेशन अभ्यास' ही नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली, तेव्हा आपल्याकडेही बॅगेच्या याद्या फिरल्या. त्यातल्या बऱ्याच याद्या परदेशी होत्या. तंबू, सुरी, दोरखंड, डबाबंद मांस वगैरे. महाराष्ट्रातल्या माणसाला घर सोडावं लागतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. तंबूपेक्षा त्याला बीपीची गोळी आणि कोरडे कपडे जास्त लागतात.

कोणत्या संकटात बॅग कामाला येते?

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो हळूहळू चढणाऱ्या पुरात. कृष्णा-पंचगंगेचं पाणी काही तास, कधी काही दिवस आधी सूचना देतं. ग्रामपंचायतीचा भोंगा वाजतो, पोलीस पाटील आणि तलाठी दारोदार फिरतात. इथे बॅग तयार असेल तर दोन तासांची धावपळ दहा मिनिटांवर येते.

चक्रीवादळातही ती कामाची. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. त्याचा इशारा आधी मिळाला होता आणि किनाऱ्यावरच्या लोकांना हलवलंही होतं. पण नंतर श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागात अनेक गावं कित्येक दिवस विजेविना राहिली, मोबाइल टॉवर बंद पडले. टॉर्च, पॉवर बँक आणि रोख पैसे यांची किंमत तेव्हा कळली.

अचानक येणाऱ्या पुरात फायदा अर्धाच. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ च्या पहाटे लोक झोपेत असताना वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. बाहेर पडायला वाटच नव्हती, लोक वरच्या मजल्यावर आणि छपरावर गेले. अशा ठिकाणी बॅग तळमजल्याच्या कपाटात असेल तर पाण्यात जाते. ती माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर असेल, तर मदत येईपर्यंतचं पाणी, खाणं आणि औषध हाताशी राहतं.

कोणत्या संकटात उपयोग नाही?

दरड कोसळणं. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. या तिन्ही ठिकाणी लोकांना बॅग उचलायलाच काय, उंबरा ओलांडायलाही वेळ मिळाला नाही. दरडप्रवण वाडीत जीव वाचतो तो अतिवृष्टीच्या इशाऱ्यानंतर आधीच दुसरीकडे मुक्कामाला गेल्याने. डोंगराला नवी भेग दिसणं, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं ही लक्षणं दिसली तर सरकारी आदेशाचीही वाट पाहू नये. बॅग असलीच तर तिचा उपयोग एवढाच, की निघायला कारण उरत नाही.

आग. इमारतीत धूर दिसला की काहीही घ्यायला मागे वळायचं नाही. लिफ्ट न वापरता जिन्याने खाली. बॅग आतल्या खोलीत राहिली तर राहू द्यावी.

भूकंप. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास झाला. जवळपास दहा हजार माणसं गेली. दगड-मातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. घरातली बॅगही त्याच ढिगाऱ्याखाली जाणार. भूकंपाच्या पट्ट्यात दोन साध्या सवयी जास्त कामाच्या: पलंगाशेजारी चप्पल आणि टॉर्च ठेवणं, आणि आवश्यक सामान गाडीच्या डिकीत किंवा अंगणातल्या शेडमध्ये ठेवणं.

घराबाहेर असताना अडकणं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. त्या रात्री असंख्य मुंबईकर लोकलमध्ये, बसमध्ये, ऑफिसात आणि रस्त्यावर होते. घरातल्या बॅगेचा त्यांना काहीच उपयोग नव्हता. रोज प्रवास करणाऱ्याने आपल्या नेहमीच्या सॅकमध्ये चार्ज केलेली पॉवर बँक, रोजच्या औषधाचे दोन डोस, पाण्याची बाटली आणि थोडे सुटे पैसे ठेवले, तर तीच त्याची इमर्जन्सी बॅग.

७२ तासांचं गणित जमतं का?

माणसाला पिण्यासाठी आणि जुजबी वापरासाठी दिवसाला साधारण तीन लिटर पाणी धरतात. चार माणसं, तीन दिवस म्हणजे ३६ लिटर. वजन ३६ किलो. कमरेएवढ्या पाण्यातून एवढं ओझं कोणी नेऊ शकत नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. घरात राहावं लागलं तर लागणारा साठा वेगळा आणि घर सोडताना उचलायची पिशवी वेगळी. पिशवीत माणशी एक लिटरची बाटली आणि पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या पुरेत. उरलेलं पाणी घरातल्या साठ्यात, उंचावर.

साठ्याचं महत्त्व कोल्हापूरने २०१९ मध्ये पाहिलं. चहूकडे पाणी, पण उपसा केंद्रंच बुडाल्याने नळ कोरडे. पुणे-बंगळुरू महामार्ग बंद झाल्यामुळे बाहेरून माल येईना. ज्यांच्या घरात पाणी शिरलं नव्हतं, त्यांनाही टँकरची वाट पाहावी लागली.

मग पिशवीत काय असावं?

मुलांचं जुनं दप्तरही चालतं. आत खताची रिकामी, स्वच्छ धुतलेली जाड प्लास्टिकची पिशवी घातली की सामान कोरडं राहतं.

- औषधं: रोजच्या गोळ्या किमान सात दिवसांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, ओआरएस, बँडेज, जंतुनाशक मलम. इन्सुलिन फ्रीजमध्येच असतं, त्यामुळे 'फ्रीजमधून इन्सुलिन' अशी चिठ्ठी बॅगेवरच चिकटवावी. चष्म्याची जुनी जोडी.
- खाणं: न शिजवता खाता येईल असं. भडंग, भाजके शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, बिस्किटं. तान्हं बाळ असेल तर त्याचं खाणं आणि लंगोट.
- उजेड आणि फोन: टॉर्च, पॉवर बँक, चार्जरची वायर, शिट्टी. छपरावर अडकलेल्या माणसाचा आवाज बसतो, शिट्टीचा बसत नाही.
- कागदावर लिहिलेले नंबर: नातेवाइकांचे, शिवाय ११२ (तातडीची मदत), १०८ (रुग्णवाहिका), १०७७ (जिल्हा नियंत्रण कक्ष). फोन बंद पडला की स्वतःच्या बहिणीचा नंबरही आठवत नाही.
- रोख पैसे: वीज आणि नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही, एटीएमही नाही. दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा.
- कपडे आणि स्वच्छता: माणशी एक जोड, टॉवेल, पातळ चादर, सॅनिटरी पॅड, साबण, मच्छर अगरबत्ती. निवारा केंद्र बहुधा शाळेत किंवा मंगल कार्यालयात असतं, तिथे पहिल्या रात्री या वस्तू मिळतीलच असं नाही.

भरलेली पिशवी घरातल्या सगळ्यात अशक्त नव्हे, पण साधारण ताकदीच्या माणसाला जिन्यावरून उतरवता आली पाहिजे. तयार किट विकत घेण्याची गरज नाही. यातलं बहुतेक सामान घरात असतंच, फक्त सात ठिकाणी विखुरलेलं असतं.

कागदपत्रांचं काय?

लोक उशिरा निघतात त्याचं एक मोठं कारण कागद. पुरानंतर पंचनामा, मदत, विमा यासाठी आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे कपाट उपसण्यात वेळ जातो.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. डिजिलॉकरमध्ये सरकारी खात्याकडून थेट आलेलं कागदपत्र कायद्याने मूळ प्रतीसारखंच धरलं जातं. आपण स्वतः फोटो काढून तिथे चढवलेला कागद मात्र केवळ प्रत असतो. म्हणून आधार, पॅन, वाहन परवाना 'इश्यूड' विभागात आहेत का, हे आजच पाहावं. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळतो. नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढता येते, शाळा सोडल्याचा दुय्यम दाखला शाळा देते.

मूळ कागद एका झिपच्या पाकिटात एकत्र ठेवावेत आणि झेरॉक्स पिशवीत. पाणी दारात आलं आणि पाकीट सापडेना, तर निघून जावं. कागद परत मिळतो.

बॅगेत न मावणाऱ्या गोष्टी

२०१९ मध्ये अनेक शेतकरी घर सोडायला तयार नव्हते ते गोठ्यातल्या जनावरांमुळे. वर्षभराची कमाई दावणीला बांधलेली असताना बोटीत बसायला माणूस धजत नाही. यावर पिशवी हा उपाय नाही. उंचावरच्या कोणाच्या गोठ्यात जनावरं न्यायची, हे पावसाळ्याआधीच ठरवावं लागतं आणि इशारा पातळी आली की माणसांच्या आधी जनावरं हलवावी लागतात. तेही जमलं नाही तर किमान दावं सोडावं.

उशीर किती महागात पडतो हे ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये दिसलं. पुरात अडकलेल्या गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि लहान मुलांसह अनेकांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. रस्ता उघडा असताना चालत किंवा ट्रॅक्टरने निघता येतं, रस्ता बुडाला की बोटीशिवाय पर्याय राहत नाही.

तर मग, ठेवावी की नाही?

पूररेषेतलं घर, नदीकाठचं गाव, कोकण किनारा, डोंगराखालची वाडी, घरात रोज औषध लागणारं माणूस किंवा तान्हं बाळ. यातलं काहीही लागू असेल तर बॅग ठेवावीच. उंचावरच्या पक्क्या इमारतीत राहणाऱ्यांना घरातला पाण्याचा आणि औषधांचा साठा जास्त उपयोगी.

पण बॅग भरून झाल्यावर तिच्यावर एक ओळ लिहून ठेवावी: कधी निघायचं. 'पाणी ३९ फुटांवर गेलं की आजी आणि मुलं मामाकडे', 'रेड अलर्ट आला की रात्रीचा मुक्काम शाळेत'. हा निर्णय कोरड्या दिवशी, सगळे एकत्र जेवायला बसलेले असताना घ्यायचा. पाणी चढताना घरात मतभेद होतात आणि 'अजून थोडं बघू' म्हणणारा बहुधा जिंकतो.

वर्षातून दोनदा बॅग उघडावी. एकदा मृग लागायच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत. औषधांची तारीख बघावी, पॉवर बँक चार्ज करावी, मुलांचे कपडे आखूड झाले असतील तर बदलावेत. आणि भडंग खाऊन टाकून नवं भरावं.