टीकॅस म्हणजे काय? हवेतली टक्कर कशी टळते?

७ फेब्रुवारी २०१८ च्या रात्री दिल्लीहून पुण्याला येणारं विस्ताराचं विमान आणि मुंबईहून भोपाळला निघालेलं एअर इंडियाचं विमान मुंबईच्या हवाई हद्दीत फार जवळ आलं. उंचीतला फरक जेमतेम १०० फूट उरल्याच्या बातम्या आल्या. कॉकपिटमध्ये टीकॅसचा इशारा वाजला आणि टक्कर टळली.

काम कसं चालतं?
टीकॅस ही यंत्रणा विमानातच असते, जमिनीवरच्या रडारवर ती अवलंबून नसते. आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरला ती रेडिओवरून सतत विचारणा करते. उत्तर यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं, आणि उंची उत्तरातच असते. त्यावरून टक्कर व्हायला किती सेकंद उरलेत याचा हिशोब होतो.

दोन इशारे
१. 'ट्रॅफिक, ट्रॅफिक': जवळ विमान आहे, सावध राहा. यावर लगेच उंची बदलायची नसते.
२. 'क्लाइंब' किंवा 'डिसेंड': हा आदेशच समजा. वैमानिकाने ऑटोपायलट सोडून साधारण ५ सेकंदांत विमान वर किंवा खाली न्यायचं असतं. दोन्ही विमानांतली यंत्रणा आपसात ठरवते, म्हणून एकाला 'वर' तर दुसऱ्याला 'खाली' सांगितलं जातं.

कंट्रोलर वेगळं सांगत असेल तर?
तरी टीकॅसचंच ऐकायचं. १ जुलै २००२ ला जर्मनीतल्या युबरलिंगेनवर टीकॅस एका विमानाला 'वर जा' सांगत होतं, पण वैमानिक कंट्रोलरचं ऐकून खाली गेले. दुसरं विमान टीकॅसप्रमाणे खालीच येत होतं. ७१ जण गेले.

भारतात
१२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं धडकून ३४९ जणांचा जीव गेला. त्यानंतर भारतात टीकॅस सक्तीचं झालं.

मर्यादा
ट्रान्सपॉन्डर बंद असलेलं विमान टीकॅसला दिसतच नाही. बारामतीहून उडणाऱ्या प्रशिक्षणाच्या विमानांसारख्या छोट्या विमानांना टीकॅसची सक्ती नसते. मोरगावच्या आकाशात असं विमान दिसलं तर लक्षात ठेवा, तिथे शिकाऊ वैमानिकाची मुख्य भिस्त डोळ्यांवर आणि रेडिओवर असते.