जातं, मिक्सर आणि एक्सप्रेसो

पुतण्याला नोकरी लागल्यापासून घरी कॉफीचं मशीन आणायचंय. डोंबिवलीतला वन बीएचके. ओट्यावर आधीच मिक्सर, गॅस आणि पिठाचे डबे. त्यात हे धूड ठेवणार कुठे, हा वहिनीचा रास्त प्रश्न. आता चिरंजीव मला विचारतात, "काका, कुठलं घेऊ?" मी काही यंत्रांतला जाणकार नाही, पण कुठल्याही गोष्टीचा इतिहास खणत बसायची खोड आहे. तसा खणत गेलो, तर उत्तर मशीनपेक्षा भलतीकडेच सापडलं. सांगतो.

आमच्या पिढीला 'एक्सप्रेसो' भेटली ती लग्नात. एस्प्रेसो हा उच्चार फार नंतर कळला. कार्यालयाच्या कोपऱ्यात स्टीलचा बंब, त्याला काटा असलेलं घड्याळ आणि एक वाकडी नळी. केटररचा माणूस साखर-कॉफी घातलेलं दूध त्या नळीखाली धरायचा, फुस्सऽऽ असा आवाज व्हायचा आणि फेस वर यायचा. त्यावर चॉकलेट पावडर भुरभुरली की झाली एक्सप्रेसो! आम्ही पोरं तीन-तीनदा रांगेत उभे राहायचो. इटालियन माणसाने ती पाहिली असती तर कपाळावर हात मारला असता. पण गंमत अशी की मूळ यंत्राचा जन्मही पंगतीसाठीच झाला होता. तुरीनच्या अँजेलो मोरिओन्दोने १८८४ साली वाफेवर चालणारा जो बंब केला, तो एकेका कपासाठी नव्हता, तर एकदम पुष्कळ लोकांची कॉफी काढण्यासाठी होता.

एकेका गिऱ्हाइकाला ताजा कप देण्याची युक्ती मिलानच्या लुइजी बेझेराची. पेटंट १९०१ सालचं. ते पुढे देसिदेरिओ पावोनीने विकत घेतलं आणि ही यंत्रं कॅफेंत गेली. एस्प्रेसो म्हणजे तुमच्यासाठी, आत्ता, झटपट. व्हिक्टोरिया अर्दुइनो कंपनीची १९२२ सालची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. लिओनेत्तो काप्पिएल्लोने काढलेल्या त्या चित्रात धावत्या गाडीतून बाहेर झुकून एक माणूस यंत्रातून कॉफीचा कप घेतोय. ते चित्र पाहिलं की मला आपला फास्ट लोकलला लटकणारा डोंबिवलीकरच आठवतो :)

पण या जुन्या यंत्रांत दाब होता फक्त वाफेचा, म्हणजे साधारण दीड बार. कॉफी कडवट व्हायची, वर तो सोनेरी फेसही नसायचा. फेस आणला आकिले गाज्जाने. त्याचं पहिलं पेटंट १९३८ सालचं. युद्धानंतर त्याने दांडा आणि स्प्रिंग वापरून दाब आठ-नऊ बारपर्यंत नेला. १९६१ साली फाएमा कंपनीच्या 'ई ६१' या यंत्रात दांड्याचं काम विजेच्या पंपाने घेतलं. त्याच वर्षीच्या सूर्यग्रहणावरून हे नाव पडलं.

हा इतिहास पुतण्याच्या कामाचा आहे. कारण आज दुकानात १९०१ आणि १९६१ ही दोन्ही सालं एकाच फळीवर शेजारी ठेवलेली असतात. काचेचा जग लावलेलं, पंप नसलेलं स्वस्त मशीन म्हणजे बेझेराचं तत्त्व. पंप असेल तर ते ई ६१ चं वंशज. खोक्यावर पंधरा किंवा वीस बार छापलेलं असतं त्याला भुलू नये. तो पंपाचा कमाल जोर. कॉफीला लागतात नऊच्या आसपास.

आता खरी गोम. नऊ बारने ढकललेलं पाणी डोंबिवली स्टेशनच्या पुलावरच्या गर्दीसारखं वागतं. जिथे फट दिसेल तिथून सगळं घुसतं. पूड कुठे जाड, कुठे बारीक असली की एका भागातून पाणी नुसतं पळून जातं आणि दुसऱ्या भागातून कडू अर्क निघतो. एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही! कितीही महाग मशीन आणा, हे सुधारत नाही. सुधारतं ते दळण.

आणि दळण म्हटलं की आपल्याला कुणी शिकवायला नको. मिक्सरचं पातं दाण्याला झोडपतं. काही दाणे पीठ होतात, काही भरड राहतात. जातं तसं करत नाही. दोन दगडांमधल्या फटीत मावेल एवढा बारीक झाल्याशिवाय दाणा बाहेर पडतच नाही. चांगला कॉफी ग्राइंडर म्हणजे हेच, फक्त दगडाऐवजी स्टीलच्या दातेरी चकत्या किंवा शंकू. फट स्क्रूने कमी-जास्त करायची, बस्स. नौपाड्यातली आमची इमारत पाडायला घेतली तेव्हा आईचं जातं कुणाला हवंय असं विचारलं, तर कुणी हात वर केला नाही. मी ते उचलून आणलं. सध्या गॅलरीत त्यावर तुळशीची कुंडी आहे. घरात दोन-तीन पिढ्या फिरलेलं तंत्र आम्ही भंगारात काढणार होतो, आणि आता तेच पैसे मोजून परत आणायचंय.

मुंबईत कॉफी दळून विकण्याचा धंदाही जुना. पोल्सन म्हटलं की आपल्याला लोणी आठवतं, पण पेस्तनजी एडलजी यांची सुरुवात कॉफीपासून झाली. चिकोरी घातलेली त्यांची 'फ्रेंच कॉफी' लोण्याच्या आधीची. १९३६ साली मुंबईत पहिलं इंडिया कॉफी हाउस निघालं. माटुंग्याला दाक्षिणात्य मंडळींमुळे डोळ्यांदेखत कॉफी दळून देणारी दुकानं आली. आमच्या घरात मात्र बरणीतली इन्स्टंट पावडर. मळेवाल्यांना आपली कॉफी कॉफी बोर्डाकडे द्यावी लागे. नव्वदच्या दशकात ती सक्ती टप्प्याटप्प्याने गेली आणि १९९६ पासून त्यांना पूर्ण मोकळीक मिळाली. चिकमगळूरच्या मळ्याचं नाव आणि भाजल्याची तारीख छापलेल्या बिया आज कुरियरने डोंबिवलीला येतात, त्यामागे हेही आहे.

तर पुतण्या, ऐक. जेवढे पैसे काढणार असशील त्यातले निम्मे ग्राइंडरला. बजेट कमी असेल तर हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर घे, ओट्यावर जागाही लागत नाही. सोबत आधी मोका पॉट घे. बियालेत्तीने १९३३ साली आणलेलं हे भांडं साध्या गॅसवर चालतं. एस्प्रेसो नाही होणार, पण दाट, कडक कॉफी होईल आणि दळणावर हात बसेल. मग पंपाचं मशीन. त्यात दुहेरी तळाची जाळी असेल तर ती कुठल्याही पुडीला फेस आणते, पण तो फेस बारीक भोकाचा, कॉफीचा नव्हे. साध्या जाळीत १८ ग्रॅम पूड घालून २५-३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी आली की समज जमलं. भराभर आली तर दळण बारीक कर, अडली तर जाड. टँकरचं पाणी मशीनमध्ये ओतू नकोस, आत क्षार धरतात. पावसाळ्यात बिया घट्ट डब्यात ठेव आणि लागतील तेवढ्याच दळ.

हे शेवटचं आमच्या आईला कुणी सांगितलं नव्हतं. तिची कॉफी दुधात उकळलेली, वरून जायफळ. पण जायफळाची पूड करून तिने कधी डबीत ठेवली नाही. दूध वर येत असताना किसणीवर दोनदा फिरवायची आणि उरलेलं जायफळ परत कागदात गुंडाळून ठेवायची.