जपानी कंपनी 'कुटुंब' कशी झाली

शिक्षण संपताच एका कंपनीत शिरायचे, तिथूनच निवृत्त व्हायचे, पगार वयाबरोबर वाढायचा आणि कामगार संघटनाही त्या कंपनीपुरतीच असायची, असे जपानी कंपनीचे चित्र जगभर रूढ आहे. अमेरिकन अभ्यासक जेम्स अ‍ॅबेग्लेन यांनी १९५८ साली 'द जपानीज फॅक्टरी' या पुस्तकात ते मांडले आणि त्याची मुळे जपानी समाजाच्या जुन्या निष्ठांमध्ये शोधली. पुढे डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळातल्या आयबीएम कर्मचाऱ्यांच्या पाहण्यांवरून राष्ट्रीय संस्कृतीची मापे तयार केली. त्यांचा ग्रंथ १९८० साली आला आणि कंपनीचे वागणे देशाच्या स्वभावावरून समजावून सांगण्याची रीतच पडली. जपानी कारखान्यांचा इतिहास मात्र या रीतीत नीट बसत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी जपानी कामगार एका जागी टिकतच नसे. जहाजबांधणी आणि यंत्रशाळांतले कसबी कारागीर जास्त मजुरी मिळेल तिकडे जात. कारखान्याचा मालक त्यांना ओळखतही नसे; त्यांचा संबंध टोळीच्या मुकादमाशी. सूतगिरण्यांची तऱ्हा वेगळी होती. मुंबईहून जपानच्या कोबे बंदराला कापूस नेणारी जहाजे १८९३ पासून टाटांच्या सहकार्याने नियमित धावू लागली होती. मुंबई आणि जपान, दोन्हीकडच्या गिरण्यांत यंत्रे इंग्लंडची, पण माणसे उभी करण्याच्या पद्धती निराळ्या. मुंबईत जॉबर, म्हणजे गिरणीचा मुकादम, पुरुष कामगार भरत असे आणि ते कामगार चाळीत राहत. जपानमध्ये दलाल खेड्यापाड्यांतून शेतकऱ्यांच्या मुली आणत, बापाला आगाऊ रक्कम देत आणि मुलींना गिरणीच्या आवारातल्या वसतिगृहात ठेवत. समाजरचनेचा ठसा इथे खराच दिसतो. तरीही मुली पळून जात. सरकारने १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या कामगारांच्या स्थितीवरील अहवालात कोंडून ठेवण्याचे, मारहाणीचे आणि पळून जाण्याचे प्रकार नोंदलेले आहेत.

नेमक्या याच काळात गिरणीमालक सरकारला सांगत होते की, आपल्याकडे मालक-नोकराचे नाते बाप-लेकरासारखे आहे, तेव्हा कामगार कायद्याची गरज नाही. कारखाना कायदा १९११ मध्ये संमत झाला, अमलात यायला १९१६ उजाडले, आणि स्त्रियांची रात्रपाळी बंद व्हायला १९२९. 'कुटुंब' हा शब्द कारखान्यात आधी कायदा टाळण्यासाठी आला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

त्या शब्दाला प्रत्यक्ष रूप देण्यात कानेगाफुची सूतगिरणीचे मुतो सांजी यांचा वाटा मोठा होता. त्यांनी सूचनापेटी, कंपनीचे वार्तापत्र आणि कामगारांची परस्पर साहाय्य संस्था सुरू केली. यातली सूचनापेटी आणि वार्तापत्र अमेरिकेतल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीवरून घेतलेले, तर साहाय्य संस्था जर्मनीच्या क्रुप कारखान्याच्या धर्तीवरची. जपानी आपुलकीचा नमुना म्हणून गाजलेल्या गोष्टींची ही वंशावळ आहे.

पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या कारखान्यांनी मुकादमांना बाजूला सारून स्वतःच पोरे शिकवायला घेतली आणि ती टिकावीत म्हणून सेवाकाळानुसार पगारवाढ देऊ केली. १९३८ च्या राष्ट्रीय संघटन कायद्यानंतर सरकारने नोकरी बदलण्यावर आणि मजुरीवर नियंत्रणे आणली. दुसरे महायुद्ध संपल्यावर कामगारांनी आपला हिशेब मांडला. वीज कामगारांनी १९४६ मध्ये वय आणि घरातली माणसे पाहून पगार ठरवायला लावला.

आजन्म नोकरीची हमी मात्र संपांच्या धगीतून निघाली. १९५० मध्ये टोयोटात मोठी कामगार कपात आणि संप झाला. अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांना राजीनामा द्यावा लागला. १९५३ मध्ये निस्सानमध्ये लढाऊ संघटना मोडली आणि तिच्या जागी कंपनीशी जुळवून घेणारी संघटना आली. मिइके कोळसा खाणीत बाराशेहून अधिक कामगारांना काढण्यावरून पेटलेला संघर्ष १९६० चे जवळजवळ सबंध वर्ष चालला. कामगार हरले, पण कपात किती महाग पडते हे कंपन्यांना कळून चुकले. कामगारांनी बदल्या आणि नवी यंत्रे मान्य करायची, कंपनीने कुणाला काढायचे नाही, असा अलिखित सौदा त्यातून रुळला. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सबळ कारणाशिवाय केलेली बडतर्फी अवैध ठरवली आणि या प्रथेला कायद्याचा आधार मिळाला.

या कुटुंबात सगळ्यांना जागा नव्हती. लहान पुरवठादार कारखान्यांतले आणि हंगामी कामगार बाहेरच राहिले. स्त्रियांनी लग्न होताच नोकरी सोडावी अशी अट कित्येक कंपन्या घालत. सुमितोमो सिमेंटमधली ती अट तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने १९६६ मध्ये रद्द ठरवली. समान संधीचा कायदा त्यानंतर १९ वर्षांनी, १९८५ मध्ये झाला.