एम. ए.चा वर्ग, सादरीकरणाचा विषय आणि बीडचे पीर

संगीत घेऊन एम. ए.ला प्रवेश मिळाला की पहिल्या पंधरा दिवसांतच वर्गात सांगितले जाते, सादरीकरणाचा विषय ठरवून आणा. वीस मिनिटे बोलायचे, थोडे गाऊन किंवा ऐकवून दाखवायचे, शेवटी प्रश्नांना उत्तरे द्यायची. बीड जिल्ह्यातल्या गेवराई, माजलगाव, परळी, आष्टीकडून आलेला विद्यार्थी इथे पहिल्यांदा अडखळतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा त्याने दिलेल्या असतात. राग ओळखता येतो, ताना घोटलेल्या असतात; पण 'तुझा विषय काय?' असे त्याला आजवर कुणी विचारलेले नसते.

विद्यार्थी मुसलमान असला तर दोन विषय त्याच्यासाठी आधीच तयार असतात. सहाध्यायी म्हणतात, 'अमीर खुसरो घे.' गुरुजी म्हणतात, 'भारतीय संगीताला मुस्लिमांचे योगदान घे.' दोघांचाही हेतू चांगला असतो. तरीही हे दोन्ही विषय घेऊ नयेत असे माझे मत आहे आणि त्याची कारणे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजेत.

अमीर खुसरोंचे (1253–1325) मोठेपण वादातीत आहे. पण वर्गात त्यांच्यावर बोलायचे म्हणजे सतार त्यांनी शोधली, तबला त्यांनी पखवाज कापून बनवला, गोपाल नायकाला त्यांनी तख्ताखाली लपून ऐकले, ही नेहमीची जंत्री. यातल्या एकालाही खुसरोंच्या काळातला पुरावा नाही. सतार अठराव्या शतकातील दिल्लीत आकाराला आली. तिच्याशी ज्या खुसरो खाँचे नाव जोडले जाते ते मुहम्मदशहाच्या काळातले, म्हणजे चारशे वर्षांनंतरचे, निराळे गृहस्थ. नावाच्या सारखेपणाने घोटाळा झाला आणि तो आपल्याला आवडला म्हणून टिकला. गोपाल नायकाची गोष्ट तर आपल्या शेजारच्या देवगिरीची. तिथे यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, ही गोष्ट मात्र पक्की आहे. दंतकथा सांगायला हरकत नाही. ती दंतकथा म्हणून सांगावी, एवढेच.

आता 'योगदान'. हा शब्द आपल्या संमेलनांच्या ठरावांत, स्मरणिकांत, भाषणांत इतक्यांदा आला आहे की त्यात काही खटकते असे वाटतही नाही. योगदान देतो तो बाहेरचा माणूस. घर दुसऱ्याचे, आपण वर्गणी दिली आणि पावती मागतो आहोत. ख्यालाच्या बाबतीत ही भाषाच लागू पडत नाही. वर्गात ज्या बंदिशी गायल्या जातात त्यांतल्या कितीतरींत 'सदारंग' ही मुद्रा आहे. ती नियामत खाँ यांची, ते मुहम्मदशहाच्या (1719–1748) दरबारातले. त्यांनी होरीच्या बंदिशी बांधल्या, कृष्णाच्या बांधल्या. त्यांना कुणी विचारले असते की तुम्ही कुणाच्या संगीताला योगदान देत आहात, तर त्यांना प्रश्न समजला नसता.

घरचा प्रश्न वेगळा आणि अधिक नाजूक असतो. मुलगी संगीतात एम. ए. करते म्हटल्यावर मोहल्ल्यात कुणीतरी विचारतेच, 'गाणे-बजावणे आपल्यात जायज आहे का?' वर्गात उभे राहण्याआधी तिने या प्रश्नापुढे उभे राहिलेले असते. समाच्या वादात उलेमांची मते एक नव्हती आणि आजही नाहीत. तो वाद इथे मिटवायचा नाही. पण हा वाद आपल्या भूमीत जुना आहे, हे तिला ठाऊक असावे. खुलताबादला, म्हणजे खुलदाबादला, हजरत निजामुद्दीन औलियांचे मुरीद बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यू 1337) यांचा दर्गा आहे. समाची त्यांना इतकी ओढ होती, की त्यांच्या सोबत्यांची रक्साची ढबच निराळी ओळखली जाई आणि त्यांना 'बुऱ्हाणी' म्हणत. या दर्ग्यासमोरच जैनुद्दीन शिराझींचा दर्गा आहे आणि त्याच्या अंगणात 1707 मध्ये औरंगजेब दफन झाला. ज्याने स्वतः गाणे ऐकणे सोडले तो बादशहा आणि ज्यांना गाण्याशिवाय करमत नसे ते पीर, यांच्यात एक रस्ता आहे.

औरंगजेबाने संगीतावर सर्रास बंदी घातली, गवयांनी संगीताचा जनाजा काढला, ही गोष्टही वर्गात हमखास येते. ती प्रामुख्याने इटालियन प्रवासी मनुचीमुळे पसरली. कॅथरीन ब्राउन (आताच्या शोफिल्ड) यांनी 2007 मध्ये एका दीर्घ लेखात दाखवून दिले, की बादशहाने आपल्यापुरते ऐकणे सोडले असले तरी त्याच्याच राज्यात फकीरुल्लाहचा 'रागदर्पण' (1666) लिहिला गेला आणि अमीर-उमरावांच्या घरी मैफली चालूच राहिल्या.

मग विषय कोणता? माझ्या मते बीडच्या विद्यार्थ्याने आधी बीड शहरातल्या मन्सूरशहांच्या दर्ग्यात जाऊन यावे. मन्सूरशहा अठराव्या शतकातले. महादजी शिंदे त्यांना गुरू मानत. पानिपतानंतर (1761) महादजींचा ठावठिकाणा लागत नव्हता, तेव्हा ते सुखरूप परततील असे या पीरांनी सांगितले, ही आख्यायिका बीडमध्ये अजून ऐकायला मिळते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी शिंदे घराण्याची निष्ठा शिल्लक राहते. ग्वाल्हेरच्या गोरखी वाड्यात मन्सूरशहांचे स्थान आहे आणि शिंदे घराण्याचा प्रमुख तिथे उरुसाला माथा टेकवतो, हा रिवाज आजही चालू आहे. महादजी स्वतः कृष्णभक्तीची पदे रचत. एका मराठा सरदाराच्या मनात कृष्ण आणि बीडचा पीर शेजारी बसले होते, आणि त्यात त्याला काही समजावून सांगावे असे वाटले नाही.

आता याचा संगीताशी संबंध. महादजी 12 फेब्रुवारी 1794 रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले. दौलतरावांच्या काळात, 1810 च्या सुमारास, शिंद्यांची राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला आली. लखनौहून नत्थन पीरबख्श तिथे आले. त्यांचे नातू हस्सू खाँ आणि हद्दू खाँ. दरबारातले बडे मुहम्मद खाँ यांची तानबाजी या पोरांनी पडद्याआडून ऐकून उचलली, ही कथा प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. त्या कथेत एक महत्त्वाची गोष्ट मात्र दडून राहते. बडे मुहम्मद खाँ आणि नत्थन पीरबख्श ही दोन्ही घराणी लखनौच्या कव्वालांची, 'कव्वाल बच्चे' म्हणून ओळखली जाणारी. समाच्या मजलिसीत पिढ्यान् पिढ्या कमावलेला गळा ख्यालात आला. तानेची ती झेप, तो जोर, शब्द पुन्हा पुन्हा वेगळ्या अंगाने घेण्याची ती सवय यांचे मूळ शोधताना दर्ग्याच्या अंगणाला वगळता येत नाही. बीडच्या मुलाने लहानपणी उरुसात रात्र रात्र जागून जे ऐकले आणि आता तो विद्यापीठात जे शिकतो, ती एकमेकांना अनोळखी नाहीत.

ग्वाल्हेरहून ही गायकी महाराष्ट्रात कशी आली, हे अभ्यासक्रमात आहेच. हस्सू खाँचे शागीर्द वासुदेवबुवा जोशी, त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926), त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. हद्दू खाँचे पुत्र रहिमत खाँ यांची हकिगत तर कादंबरीसारखी. काशीत विपन्नावस्थेत फिरणाऱ्या या गवयाला सर्कसवाले विष्णुपंत छत्रे यांनी ओळखले. छत्रे स्वतः हद्दू खाँकडे शिकलेले. त्यांनी रहिमत खाँना आणून सांभाळले, त्यांच्यामागे त्यांच्या भावाने सांभाळले आणि 1922 मध्ये खाँसाहेब कुरुंदवाडला अल्लाला प्यारे झाले. गुरुपुत्राची जबाबदारी म्हणजे काय, हे छत्र्यांकडून शिकावे.

इथे विद्यार्थ्याने सावध राहायला हवे. मन्सूरशहांमुळे ग्वाल्हेरचा ख्याल जन्मला, असे म्हणता येणार नाही. महादजींचे निधन आणि हद्दू-हस्सूंची बहर यांच्यात पुष्कळ वर्षे आहेत. म्हणता येते ते एवढेच, की ज्या घराण्याने ख्यालाला आसरा दिला त्या घराण्याच्या देवघरात बीडचा एक पीर होता आणि आहे. मोठा दावा केला तर पहिल्याच प्रश्नाला तोंडघशी पडायला होईल. लहान दावा केला तर तो कुणाला खोडता येणार नाही.

हा विषय नको असेल तर दुसरा एक सुचवतो. तो थेट संगीताच्या वर्गाचाच आहे. वर्गात बसून, फळ्यावर स्वर लिहून, ठरलेल्या वेळी संगीत शिकायचे, ही रीत आपल्याकडे कुणी सुरू केली? उत्तर म्हणून पलुस्कर आणि भातखंडे ही दोन नावे येतात. पण लाहोरच्या पंधरा वर्षे आधी, 1886 मध्ये, बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने गायनशाळा सुरू झाली होती आणि ती चालवणारे होते मौलाबख्श (1833–1896). त्यांनी दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीत आत्मसात केले, स्वतःची स्वरलेखन पद्धती बसवली, पाठ्यपुस्तके छापली. तीच शाळा पुढे बडोदा विद्यापीठाच्या संगीत विभागात विलीन झाली. त्यांचे नातू इनायत खाँ 1910 मध्ये वीणा घेऊन अमेरिकेला गेले आणि पश्चिमेत सूफी विचार घेऊन फिरले.

मौलाबख्शांचे नाव मागे का पडले? एक कारण असे, की 'खाँसाहेब अडाणी होते, विद्या लपवत होते, पंडितांनी ती मोकळी केली' ही गोष्ट सांगायला सोपी आहे. पुस्तके छापणारा खाँसाहेब त्या गोष्टीत बसत नाही. विद्या लपवली जात होती, हे खरेच आहे. ती रोजीरोटी होती. सोनारही आपला हातखंडा वाटेवर सांगत नाही. आणि भातखंड्यांना एकट्याला दोषी ठरवूनही काम भागत नाही. ते उस्तादांवर कठोर लिहीत, पण रामपूरला वजीर खाँसमोर शागीर्द म्हणून बसले, जयपूरच्या खाँसाहेबांकडून शेकडो चिजा घेतल्या, आणि 'क्रमिक पुस्तकमालिका' मराठीत छापली म्हणून त्या चिजा आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या. जानकी बखले यांचे भातखंडे-पलुस्करांवरचे इंग्रजी पुस्तक (2005) या प्रश्नाला सरळ भिडते. त्यात अब्दुल करीम खाँ यांच्यावरही प्रकरण आहे. या खाँसाहेबांनी पुण्यात शाळा काढली तिचे नाव 'आर्य संगीत विद्यालय'. नाव ठेवताना त्यांना काही अवघड वाटले नाही. आज ऐकताना आपल्यालाच वाटते. 1937 मध्ये ते गेले आणि मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. तिथे दर वर्षी गाण्याची हजेरी लागते.

ज्या मुलीला दरबार आणि खाँसाहेब दोन्ही नको असतील, तिने जात्याकडे वळावे. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. त्यासाठी 1996 मध्ये माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रणे झाली. तिथल्या बायांनी बाबासाहेबांवर ओव्या गायल्या. जात्याचा दक्खनी धागाही आपल्या ओळखीचा आहे: विजापूरकडच्या सूफींच्या परंपरेत 'चक्कीनामे' रचले गेले, दळता दळता बायांनी म्हणावे आणि नामस्मरण व्हावे म्हणून. भीमनगरची ओवी आणि दक्खनी चक्कीनामा यांची लय शेजारी शेजारी ठेवून तपासली तर काय हाती लागते, हे वीस मिनिटांत मांडता येण्याजोगे आहे. त्यासाठी आपल्या दादीला, नानीला आधी बोलते करावे. तिला गाणे जायज की नाजायज हे कुणी विचारले नव्हते, कारण ती गाते आहे असे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते.

अंबाजोगाईच्या विद्यार्थ्याला तर दासोपंत (1551–1615) घराजवळच आहेत. त्यांची पासोडी पाहायला लोक जातात. रागांत बांधलेली त्यांची पदे गाऊन पाहायला फारसे कुणी जात नाही.

ज्यांना मन्सूरशहांचाच विषय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी शेवटी थोडे कामाचे. दर्ग्यात गेल्यावर आधी मुजावरांना सलाम करून परवानगी घ्यावी, मगच मोबाईल काढावा. उरुसात काय गायले जाते, कोण गातात, कोणत्या गावाहून येतात, हे वहीत टिपावे. कव्वालीचा एक तुकडा आणि ग्वाल्हेरच्या गायकाची एक बोलतान एकामागून एक ऐकवावी, मध्ये बोलू नये. शिंदेकालीन कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात पाहता येतात. निजामाकडचे हैदराबादच्या अभिलेखागारात. पुण्याकडचे बहुतेक मोडीत, हैदराबादकडचे बरेचसे फारसीत. वर्गात कुणाला मोडी वाचता येते का, हे विषय नोंदवण्याआधीच विचारून ठेवावे, आणि फारसीसाठी मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांना गाठावे. विषय संगीताचा आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकावे.