साष्टीची गावं : नकाशातली आणि नकाशाबाहेरची

मुंबईत कुणालाही ‘गाव कुठलं?’ असं विचारलं की उत्तर मुंबईबाहेरचं येतं. संगमेश्वर, पाटण, जुन्नर, भावनगर. गणपतीला किंवा मे महिन्यात जिथे जायचं ते गाव, आणि राहायचं ती मुंबई, अशी या शहराची वाटणी आहे. पण अंधेरी, मरोळ, एकसर, गोराई, किरोळ इथली काही घरं अशी आहेत की त्यांचं उत्तर ‘हेच’ असं येतं. ऐकणारा थोडा गोंधळतो. उपनगराला गावकरी असू शकतात हे आपल्या डोक्यातून गेलेलं आहे. या घरांना पूर्वजांचं ठिकाण शोधायला गाडी धरावी लागत नाही. पायाखालचीच जमीन ओळखायची असते, आणि ते काम भलतंच अवघड आहे.

ज्याला आज आपण उपनगर म्हणतो ते साष्टी बेट. १५३४ च्या वसईच्या तहाने ते पोर्तुगीजांकडे गेलं, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलं, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन ते बळकावलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. प्रत्येक सत्तेने गावांची यादी केली, कारण प्रत्येकीला सारा हवा होता. सिमाँव बोतेल्यूचा १५५४ चा तोंबो, म्हणजे महसुलाचा दफ्तरबंद, हा त्यातला जुना कागद. त्याहून मागे जायचं तर कान्हेरीच्या लेण्यांकडे वळावं लागतं. तिथल्या एका लेखात शेत दान दिल्याची नोंद आहे आणि ज्या गावातलं ते शेत, ते म्हणजे आजचं बोरिवलीचं मागाठाणे असं अभ्यासक मानतात. राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’तही उत्तर कोकणातल्या गावांची आणि कुळांची नावं भरपूर सापडतात. अनेक घराणी आपली वंशावळ तिच्यापाशी नेऊन टेकवतात. बखर वेगवेगळ्या काळात रचलेल्या प्रकरणांची आहे, म्हणून माझं मत असं की गावाच्या नावासाठी ती जरूर पाहावी, पण पणजोबांच्या पणजोबांसाठी तिच्यावर विसंबू नये.

खरा नकाशा मिळतो तो एकोणिसाव्या शतकात. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३०च्या दशकात इंदापूरपासून जी मोजणीची पद्धत बसवली, तीच पुढे कोकणात उतरली. तिचा पाया ३३ फुटांची साखळी आणि साखळीचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आज बिल्डरच्या तोंडी असलेला गुंठा त्या लोखंडी साखळीचा आहे. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, कोपऱ्यांवर दगड रोवले गेले, आणि गावाचा एक नकाशा तयार झाला. त्यात शिवेची रेघ, नाले, गाडीवाटा, विहिरी, आणि मधोमध किंवा एका कडेला गावठाण.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, कारण बहुतेकांचा शोध याच जागी अडतो. मोजणीदाराला सारा शेतावर लावायचा होता, घरावर नव्हे. त्यामुळे नकाशात शेताचा बांधन् बांध आहे, पण गावठाण म्हणजे एक कोरा तुकडा. आत कुणाचं घर, कुठली आळी, काही नाही. तुमच्या खापरपणजोबांचं भाताचं खाचर कुठे होतं हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. ते रात्री निजायचे कुठे हे सांगता येत नाही.

शेतापासूनच सुरुवात करायची. त्यासाठी घरातला सर्वांत जुना कागद काढावा, मग तो साऱ्याची पावती असो, गहाणखत असो की वाटणीपत्र. आधी वरचा मथळा वाचावा, कारण तारीख फाटली असली तरी मथळा काळ सांगतो. ‘जिल्हा ठाणे, तालुका साष्टी’ असेल तर कागद १९२० च्या आधीचा असण्याचा संभव मोठा. त्या साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. पण मुलुंड किंवा बोरिवलीकडच्या घरांनी इथे जपून राहावं. तो भाग नंतरही ठाणे जिल्ह्यात मोडत होता. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये आधी वाढली आणि १९५७ मध्ये मुलुंड-दहिसरपर्यंत आली. एकाच घरातले आजोबा ठाणे जिल्ह्याचे आणि नातू मुंबईचा, आणि दोघांनी उंबरा बदललेला नाही, असं इथे सहज घडलं आहे. कागद शोधायला मग ठाण्याच्याही कचेरीत जावं लागतं.

मथळ्यानंतर ‘मौजे’. मौजे मजास, मौजे ओशिवरे, मौजे शिंपोली, मौजे नाहूर. रेल्वेने या नावांची फार गाळणी केली. १८५३ ला ठाण्याकडची आणि १८६० च्या दशकात गुजरातकडची लाइन आली, आणि ज्या गावाला स्टेशन मिळालं त्याचं नाव आजूबाजूच्या दहा गावांवर पसरलं. अंधेरी नावाचं गाव छोटं होतं. चकाला, गुंदवली, मोगरा, आंबिवली, कोंडिविटे ही शेजारची स्वतंत्र गावं. आज ती सगळी ‘अंधेरी’. घाटकोपरच्या पोटात किरोळ गेलं. म्हणून पूर्वज ‘अंधेरीचे’ असं ऐकून अंधेरीचा नकाशा मागितला तर शेत सापडणार नाही.

आता आकड्यांचा घोळ. सर्व्हे नंबर आणि त्याचे हिस्से ही पहिली पिढी. १९१५ च्या नगररचना कायद्याने उपनगरांत जिथे जिथे योजना आल्या तिथे शेतं एकत्र करून रस्ते आखले गेले आणि जमिनींना अंतिम भूखंड क्रमांक मिळाले. ही दुसरी पिढी. पुढे नगर भूमापन झालं, सिटी सर्व्हे नंबर आणि मालमत्ता पत्रक आलं, ही तिसरी. एकाच मातीला तीन नंबर, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना बोलतं करणारा कागद म्हणजे जुन्या-नव्या क्रमांकांची मेळपत्रकं आणि मालमत्ता पत्रकातले जुने शेरे. भूमी अभिलेख कचेरीत नुसता ‘नकाशा द्या’ म्हणू नये. गावनकाशा, टिपण, फाळणी, आकारबंद अशी नावं घेऊन मागितलं तर समोरचा माणूस कपाट उघडतो.

नंबर हाती आला की माणसं सापडायला लागतात, ती फेरफारांत. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, आणि तेव्हापासून जमीन कुणाकडून कुणाकडे गेली याची ओळ गाव नमुना सहामध्ये लिहिली जाऊ लागली. खातेदार मेला की वारसनोंद. अमुक मयत, त्यास मुलगे तीन, मुलगी एक, विधवा हयात. घरात कुणालाही ठाऊक नसलेली एखादी आत्या किंवा आजेसासू इथे भेटते. बऱ्याचदा ‘इतर हक्क’ या रकान्यात, कडेला. कुटुंबाच्या वंशवृक्षात बायकांना जेवढी जागा मिळते त्याहून ती अधिक आहे, हे तलाठ्याच्या बाजूने सांगायला हवं.

साष्टीत एक अडचण जास्तीची आहे. कंपनी सरकारने इथली गावंच्या गावं मुंबईच्या धनिकांना दिली. बैरामजी जीजीभॉय यांना १८३० मध्ये सात गावं मिळाली. अशा गावांत सरकारदरबारी नाव दिसतं ते इनामदाराचं. नांगर धरणारा कूळ म्हणून खाली कुठेतरी, किंवा नाहीच. १९५१ च्या साष्टी इस्टेट्सच्या कायद्याने ही महसूलमाफी संपली. त्या सुमाराच्या नोंदी जरूर पाहाव्यात, कारण कित्येक कुळांचं नाव कागदावर ठळकपणे येण्याची वेळ तीच.

कागद आणि आजचं शहर एकमेकांवर बसवायचं ते काम आता घरबसल्या होतं. सर्वे ऑफ इंडियाच्या पद्धतीत अंधेरी, घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली ही चारही एकाच पत्रकात येतात, क्रमांक ४७ ए/१६. स्थळचित्राची जुनी आवृत्ती किंवा गावनकाशा स्कॅन करून क्यूजीआयएससारख्या मोफत प्रणालीत घ्यावा आणि न हललेल्या खुणांवर टाचावा. न हललेलं म्हणजे काय, हे ठरवण्यात कस लागतो. रस्ते चालतात, पण सगळे नाहीत: घोडबंदर रोड, म्हणजे आजचा स्वामी विवेकानंद मार्ग, आणि आग्रा रोड, म्हणजे लालबहादूर शास्त्री मार्ग, यांच्या रेषा बऱ्याच अंशी टिकल्या आहेत. रुळांची रेघ टिकली आहे. ओढे आणि खाड्या अजिबात धरू नयेत, त्यांना भिंती घालून वळवलं आहे. महाकालीची लेणी, मंडपेश्वर, जुनी देवळं, चर्च, तळी या भरवशाच्या खुणा.

अशी एक खूण सीप्झच्या कुंपणाच्या आत आहे. १५७९ साली जेजुइटांनी बांधलेलं संत जॉन बाप्टिस्टचं चर्च १८४० च्या सुमारास साथीमुळे सोडलं गेलं आणि वस्ती मरोळकडे सरकली. १९७० च्या दशकात त्याच्याभोवती निर्यातीची औद्योगिक वसाहत उभी राहिली. छप्पर नसलेल्या त्या भिंतींत वर्षातून एकदा, मे महिन्यात, आसपासच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती मिस्सेला जमतात. त्यांच्या घराण्यांचा शोध सोपा, कारण बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत माणसाबरोबर गावाचं नाव येतं. घर नकाशात नसलं तरी पॅरिश आहे.

गावठाणाचा तो कोरा तुकडा आज नुसती कुतूहलाची बाब राहिलेली नाही. दाटीवाटीच्या घरांमुळे गावठाण आणि कोळीवाडे झोपडपट्टीत मोजले जाऊ नयेत, त्यांच्या हद्दी आधी ठरवाव्यात, अशी मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. हद्द ठरवायला पुरावा म्हणून जुना गावनकाशाच काढावा लागतो. सारा न लावल्यामुळे ज्या जागेत काही काढलं नाही, तिथेच लोक शंभर वर्षं राहत होते हे आता त्या रिकाम्या जागेच्या कडेवरून सिद्ध करायचं.

आणि ज्यांच्यासाठी कोरा तुकडाही सोडला नाही त्यांचं काय? आरे आणि राष्ट्रीय उद्यानातले वारली, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे. विहार तलाव १८६० ला, तुळशी १८७९ ला पुरा झाला. नावं गावांची आणि जमीन पाण्याखाली. १९५१ मध्ये आरेची दुग्धवसाहत उघडली. केल्टीपाडा, जीवाचा पाडा, खंबाचा पाडा ही नावं तिथे सगळ्यांच्या तोंडी आहेत, सातबारावर मात्र त्यांचं घर नाही. प्रजापूरपाड्यातली कुटुंबं मेट्रोच्या कामासाठी हलवली गेली तेव्हा ‘तुम्ही इथे कधीपासून?’ हा प्रश्न त्यांना कागद दाखवूनच सोडवायचा होता.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनी या बाबतीत दफ्तराच्या पलीकडचा पुरावा मान्य केला आहे. घर, विहीर, दफनभूमी, देवाची जागा या जमिनीवरच्या खुणा चालतात. वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन चालतं. जुन्या नोंदीत ज्याचं नाव आहे अशा माणसापर्यंत नेणारी वंशावळही चालते. पाड्यावर वाघदेवाचा दगड आणि जुनी विहीर यांची जागा मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह टिपता येते, आणि शेजारी म्हातारीने सांगितलेली सासऱ्याची, आजेसासऱ्याची नावं लिहिता येतात. म्हातारी आहे तोवर.