उडी जुनी, पडणं नवं

बेडूकउड्या आपल्या यवतमाळ-अमरावतीकडच्या आखाड्यांना काही नव्या नाहीत. मग सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात नवं काय केलं? त्यांनी उडीच्या आधी पडणं आणलं. ठोकळ्यावरून खाली यायचं, पाय टेकताच वर उसळायचं. ताणलेला स्नायू लगेच आखडला की जोर जास्त मिळतो. 'प्लायोमेट्रिक्स' हे नाव अमेरिकेच्या फ्रेड विल्ट यांनी १९७५ मध्ये दिलं.

पोहणाऱ्याला हा जोर लागतो सूर मारताना आणि भिंतीला पाय लावून वळताना. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये कांस्य जिंकलं, ते ५० मीटर बटरफ्लायमध्ये. तिथं सूर फसला तर सावरायला वेळच नसतो.

पण पोरांनो, वेर्खोशान्स्कींची अट विसरू नका: आधी पायांत ताकद, मग उंची. म्हणजे आधी बैठकाच!