जुना ताफा, नवा तालीममास्तर

मंडळी, एखादे भजनी मंडळ चाळीस-पन्नास वर्षांचे झाले की काय होते, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. मृदंगावर तोच हात, टाळकरी तेच, अभंगही तेच. कुणाचा सूर उतरला, कुणाची लय घसरली, हे सगळ्यांना ऐकू येते; पण बोलायचे कुणी? वयाचा मान आड येतो, जुना स्नेह आड येतो. गाणे चालू राहते, पण पुढे सरकत नाही. आज ज्या ताफ्याची हकीकत मी सांगणार आहे तो दूर विलायतेतला आहे. त्यांची गिटारे विजेवर वाजतात आणि त्यांची कीर्ती जगभर आहे. अडचण मात्र नेमकी हीच होती.

या ताफ्याचे नाव रोलिंग स्टोन्स. 1962 साली लंडनमध्ये काही तरुण पोरांनी तो उभा केला. मडी वॉटर्स नावाच्या अमेरिकन निग्रो गवयाचे 1950 सालचे एक गाणे त्यांना फार आवडे. त्यातूनच त्यांनी हे नाव उचलले. मिक जॅगर गाणारा, कीथ रिचर्ड्स गिटार वाजविणारा. ही दोघे लहानपणापासूनची ओळखीची आणि बहुतेक गाणी त्यांनीच रचलेली. चार्ली वॉट्स ड्रमवर. ही मंडळी 2003 सालच्या एप्रिलात आपल्या मुंबईलाही येऊन ब्रेबॉर्न स्टेडियमवर गाऊन गेली.

आता एक शब्द समजावून घेऊ. सिनेमाचा निर्माता म्हणजे पैसा घालणारा, असे आपण समजतो. ध्वनिमुद्रिकेचा 'प्रोड्यूसर' तसा नव्हे. जुन्या नाटक कंपनीत तालीममास्तर असे, त्याचा हा भाऊबंद. कोणते गाणे घ्यायचे, कोणते टाकायचे, लय किती ठेवायची, चार वेळा गायलेल्यांपैकी कोणते खरे उतरले, हे तो ठरवतो. आणि मुख्य म्हणजे 'आता पुरे, झालं' हे शब्द उच्चारण्याचा अधिकार त्याचा. म्हणून प्रोड्यूसर निवडणे म्हणजे नोकर ठेवणे नव्हे. शेवटचा शब्द कुणाचा, याचा तो निवाडा असतो.

स्टोन्सचा पहिला प्रोड्यूसर होता अँड्र्यू लूग ओल्डहॅम. 1963 साली त्याचे वय अवघे एकोणीस. ध्वनिमुद्रणाचा अनुभव शून्य. वेगवेगळे मुद्रित केलेले आवाज एकत्र कसे मिसळतात हेही त्याला पहिल्या दिवशी ठाऊक नव्हते, असे सांगतात! पण या पोरांना तेव्हा विद्येपेक्षा धिटाईची गरज होती, आणि ती त्याच्यापाशी भरपूर होती. जॅगर आणि रिचर्ड्स यांनी स्वतः गाणी रचावीत हा आग्रह त्याचाच. तो नसता, तर हा ताफा कदाचित दुसऱ्यांचीच गाणी गात राहिला असता.

1967 साली ओल्डहॅमशी फाटले. 'आता आम्हीच आमचे मास्तर' असे म्हणून त्यांनी एक आल्बम, म्हणजे दहाबारा गाण्यांची मोठी ध्वनिमुद्रिका, स्वतःच केली. ती लोकांना विस्कळीत वाटली आणि बीटल्सची नक्कल म्हणून टीकाही झाली.

या अनुभवातून त्यांनी 1968 साली जिमी मिलर या अमेरिकनाला बोलावले. मिलर स्वतः ड्रम वाजविणारा. ताफ्याची हरवलेली लय त्याने परत आणून दिली. एका गाण्याची चाल चार्ली वॉट्सच्या हातात बसेना, तेव्हा मिलर स्वतः ड्रमपाशी बसला. आज ध्वनिमुद्रिकेवर आपण ऐकतो ते त्याचेच वादन. दुसरा कुणी असता तर रुसून बसला असता. चार्लीने मात्र मिलरमुळे आपले वादन सुधारले असे पुढे मोकळेपणाने सांगितले. 1968 ते 1973 या काळात मिलरच्या हाताखाली पाच आल्बम झाले. त्यांतले पहिले चार म्हणजे या ताफ्याचे सर्वांत उत्तम काम, असे जाणकार मानतात.

पण संगत दोन्हीकडून लागते, बरे का. स्टुडिओतल्या रात्री आणि मादक पदार्थ यांनी मिलरलाही ग्रासले. ताफ्याला वळण लावायला आलेला माणूस ताफ्याच्याच वळणावर गेला, आणि 1973 नंतर तो दूर झाला.

पुढे जॅगर आणि रिचर्ड्स यांनी 'ग्लिमर ट्विन्स' असे जोडनाव घेऊन प्रोड्यूसरची खुर्ची स्वतःकडे ठेवली. दोघांचे पटत होते तोवर हे निभले. 1980 नंतरच्या दशकात दोघांत तेढ आली, आणि मग निवाडा करायला तिसरे माणूसच उरले नाही. 1986 च्या आल्बमसाठी स्टीव्ह लिलीव्हाइट हा गुणी इंग्रज प्रोड्यूसर आणला. पण दोन मालक एकमेकांशी धड बोलत नसतील, तर तालीममास्तराने करायचे काय? अधिकार कागदावर देऊन चालत नाही, मनाने द्यावा लागतो.

1994 साली डॉन वॉज हा अमेरिकन प्रोड्यूसर आला. त्याच्याबरोबर केलेल्या पहिल्याच आल्बमला अमेरिकेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. वीस वर्षांहून अधिक काळ हा संबंध टिकला. मात्र 2005 नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा आल्बम काही बाहेर पडेना. 2016 साली एक आला, पण तो दुसऱ्यांच्या जुन्या गाण्यांचा. तो तर तीन दिवसांत मुद्रित झाला होता! म्हणजे हात चालत होते. नवी गाणी सुरू होत, बाजूला पडत, पुन्हा सुरू होत. 'झालं' म्हणणारा कुणी नव्हता.

अशात 24 ऑगस्ट 2021 रोजी चार्ली वॉट्स वारला. वय 80. उरलेल्यांना काळाची जाणीव झाली असल्यास नवल नाही. जॅगरने रिचर्ड्सपुढे मुदत ठेवली: 2023 च्या 14 फेब्रुवारीपर्यंत आल्बम पुरा करायचा. आणि ही मुदत पाळून घेणारा माणूस म्हणून अँड्र्यू वॉट याची निवड झाली. त्याचे नाव सुचविले बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीने, म्हणजे एकेकाळच्या प्रतिस्पर्ध्याने!

वॉटचा जन्म 1990 चा. कामाला बसले तेव्हा जॅगर 79 वर्षांचा, वॉट 32 वर्षांचा. नातवाच्या वयाचा मुलगा आजोबांना सांगतो, 'हे पुन्हा गा, ते राहू द्या.' आणि आजोबांनी ऐकले. काही महिन्यांत गाणी पुरी झाली. चार्लीने 2019 मध्ये वाजवून ठेवलेली दोन गाणी त्यांत घेतली. तीस वर्षांपूर्वी ताफा सोडलेला बिल वायमनही एका गाण्यात वाजवून गेला. शेवटी जॅगर आणि रिचर्ड्स या दोघांनीच मडी वॉटर्सचे ते गाणे गायले, ज्यावरून साठ वर्षांपूर्वी नाव घेतले होते. 20 ऑक्टोबर 2023 रोजी 'हॅकनी डायमंड्स' नावाने आल्बम बाहेर पडला. आवाज फार चकचकीत झाला, असे काही समीक्षक म्हणाले. पण 2025 साली त्यालाही ग्रॅमी मिळाले: उत्तम रॉक आल्बमचे तेच पारितोषिक, जे तीस वर्षांपूर्वी डॉन वॉजबरोबरच्या आल्बमला मिळाले होते.

वाचकहो, या हकीकतीतून मला एक गोष्ट दिसते. या ताफ्याने जेव्हा नेमका माणूस निवडला, तेव्हा आपल्यापाशी नसलेली वस्तू घेऊन येणारा निवडला. 1963 साली धिटाई हवी होती, 1968 साली लय हवी होती, 2022 साली मुदत. आणि 1967 साली 'आपल्याला काहीच उणे नाही' असे वाटले, तेव्हा काम बिघडले. शिक्षकांना हे नव्याने सांगायला नको. सहकारी सोसायटी असो, तालीम असो की शाळा, जुन्या मंडळींनी नवा माणूस घेताना 'हा आपल्यासारखा आहे का?' एवढेच पाहू नये. 'आपल्याला काय येईनासे झाले आहे?' हे आधी विचारावे. उत्तर मिळाले की माणूस सापडणे सोपे. मग अवघड तेवढे एकच उरते: तो 'पुरे' म्हणाला की थांबायचे.